दुर्लक्ष: होय / नाही

विनिपेग. उणे एकतीस.
गाडीचं इंजिन मी बंद करत नाही,
केलं तर सकाळी सुरू व्हायचं नाही.
मागच्या सीटला मुलांची खुर्ची बांधलेली,
डिकीत कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा रोल.
ऑफिसातून तोच मिळतो,
मुलांचे कपडे भरायला.

तक्रार शाळेतून आलेली:
मुलगा जॅकेट घालूनच झोपतो म्हणे.

टॅनिसने दार उघडलं साखळीपुरतं.
ओळखपत्र बघितलं, मग माझे केस, गालफडं,
आणि म्हणाली, "तू तर आपल्यातलीच."
त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

आत ओव्हनचं दार सताड उघडं.
त्याच्यापुढे एक गादी, गादीवर तिघं,
एकमेकांच्या काखेत डोकी खुपसून.
तिची उशी मात्र दाराशी, जमिनीवर.
फटीला पाठ लावून झोपते,
वारा अडवायला.

फॉर्मवर चौकोन असतात.
एका गादीवर तीन मुलं: चौकोन.
ओव्हन उघडा: चौकोन.
फ्रिजमध्ये अर्धा कांदा, दूध नाही: चौकोन.
दाराला लावलेल्या पाठीसाठी
मी पान उलटूनही पाहिलं.

मी सहा वर्षांची असताना
एका बाईने माझी पिशवी भरली.
वाईट नव्हती ती. हातमोजे आठवणीने घातले मला.
आई एवढंच म्हणाली,
"हिचा उजवा कान दुखतो. सांगाल ना तिथे?"
बाईने मान डोलावली.
तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

आणि गेल्या मार्चमध्ये मी.
वेलन, चार वर्षांचा. कागदोपत्री सगळं बरोबर.
त्याचा एक मोजा अजून माझ्या गाडीत आहे.
टाकवत नाही,
आणि तो कुठे आहे हे विचारायचा
मला अधिकार नाही.

"बॉयलर कधीपासून बंद?"
"थँक्सगिव्हिंगपासून."
मालकाला केलेले नऊ फोन, तिने मोबाइलवर दाखवले,
तारखांसकट.

मी लिहिलं:
दुर्लक्ष: होय.
कोणाकडून:
तिथे मालकाचं पूर्ण नाव, आणि पत्ता,
शहराच्या त्या टोकाचा
जिथला बर्फ सगळ्यात आधी उचलतात.

साहेबांचा फोन. "लोर्ना, त्या रकान्यात आईचं नाव येतं."
म्हटलं, तिघांना परक्या घरी ठेवायला रोज जे देता,
त्यात महिन्याभरात बॉयलर येईल.
"ते खातं वेगळं."
"मग दोन्ही खात्यांना कळवा, मी इथेच बसलेय."
बराच वेळ नुसती खरखर.

बाहेर जाऊन इंजिन बंद केलं.
हीटर आला पावणेदोनला,
माझ्या मावसभावाच्या गॅरेजमधून, ऑफिसातून नव्हे.
उद्या त्याचाही जाब द्यावा लागेल.

टॅनिस आभार वगैरे मानली नाही.
का मानेल?
बिनदुधाचा चहा दिला,
धाकटीचं पांघरूण सारखं केलं
आणि हनुवटीनेच दाखवली मला जागा,
दाराशी.

मी पाठ लावली.