उसवण

जुलै सरत आला की ऑगी कोवाल्चिक
रेडिओ बारीक करतो.
तरी कळतंच.
शॉर्टस्टॉप देऊन टाकला. बदल्यात दोन पोरं,
एकाचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

‘संघाची पुनर्बांधणी’ म्हणे!
बत्तीस वर्षं क्लीव्हलंडात विटा रचल्या ऑगीने;
दर वर्षी पाया खणणारा गवंडी
त्याने एकही पाहिला नाही.

रात्री जर्सी मांडीवर घेऊन
ब्लेडने पाठीवरचं नाव उसवतो,
शेवटच्या अक्षरापासून.
खाली आधीच्या तिघांच्या टाक्यांची भोकं,
एकमेकांत घुसलेली.

आता कुणाचंच लावायचं नाही.
मग दोरा कशाला गुंडाळून ठेवतोयस,
लोरेन विचारते.

तो प्लास्टरवाला पिचर, ऑगी म्हणतो,
डावखुरा आहे गं.
स्पेलिंग काय त्याचं?