दोन, दोन, एक

इझेव्हस्कचं तळं गोठलं
की माझी वाट निम्म्यानं कमी होते.
बर्फावरून चालत संस्थेत येते,
लेथ गरम होईस्तोवर हातमोजे काढत नाही.
एकतीस वर्षं बंदुकीच्या नळ्या कातल्या,
आता गणितवाल्यांना भोवरे कातून देते.

प्लातोन येर्मोलायेविच चिठ्ठीवर तीनच आकडे आणतो:
दोन, दोन, एक.
'आग्निया, या अंगानं फिरवायला जितकं जड,
त्या अंगानं तितकंच,
तिसऱ्या अंगानं बरोब्बर निम्मं.
आणि वजनाचा मध्य मधोमध नको. कडेला हवा.'
'बरोब्बर म्हणजे किती?'
तो चष्मा पुसतो.
'बरोब्बर म्हणजे बरोब्बर.'

लेथला असं सांगून बघा.

जेवणाच्या सुट्टीत मी अळंब्यांच्या पेरेपेची उघडल्या,
एक त्याला दिली, तेव्हा तो बोलता झाला.
एका टोकाशी जखडलेल्या वस्तूलाही
तीन मोकळिका असतात म्हणे:
झुकायची, स्वतःभोवती गरगरायची,
आणि झुकल्या झुकल्या सावकाश प्रदक्षिणा घालायची.
जितक्या मोकळिका
तितक्याच न ढळणाऱ्या गोष्टी सापडल्या
तरच गणित सुटतं.
ऊर्जा ढळत नाही, ही एक.
उभ्या रेषेभोवतीचा फिरण्याचा साठा ढळत नाही, ही दुसरी.
तिसरी बहुतेकांच्या नशिबी नसते.
ती असलेली घराणी तीनच.
दोन पुरुषांच्या नावावर,
तिसरं एका बाईच्या, शंभरावर वर्षं झाली.
दोन, दोन, एक, हे तिचं.

तिच्याकडे पितळ नव्हतं, मी म्हटलं. कागद होता.
कागदाचं बरं असतं.

चहाबरोबरचा बुब्लिक त्यानं उचलला,
आमची गोल, भोकाची पोळलेली पावकडी,
आणि बोटानं तिच्या पाठीवर अदृश्य दोरा गुंडाळत राहिला.
गणित सुटतं तेव्हा भोवरा सुटत नाही, म्हणाला.
जन्मभर याच पाठीवर फिरतो,
आपलीच वाट पुन्हा न तुडवता,
आणि तरी या पाठीबाहेर एक पाऊल न टाकता.
मग तो बुब्लिक त्यानं खाऊन टाकला.

माझ्या मापात आलं:
दोन, दोनाला केसभर वर, एक.
घासलं. केसभर खाली.
पितळ काढता येतं, परत लावता येत नाही.
सात भोवरे बाद.
आठवा मी पुन्हा कानशीवर धरला,
तर त्यानं हातातून काढूनच घेतला.

हवेच्या उशीवर तरंगला तरी भोवरा
चार-पाच मिनिटांत दमतो,
म्हणून माझी मापं, केसासकट,
त्यानं संगणकात घातली.
एका फेरीला एक ठिपका.
ठिपक्यांची रांग झाली, रांगेची वेटोळी,
वेटोळ्यात वेटोळं,
वहीत आखल्यासारखं नीट.
चहावर साय धरली, कुणी हललं नाही.
मग जिथे भोवरा अडखळतो,
या कुशीवर वळू की त्या, असं होतं त्याचं,
नेमकं तिथे
मोहरीची पुडी फुटावी तसे ठिपके सांडले.
कुठला कुणाच्या मागचा, काही कळेना.

आता रागावेल, म्हणून मी फडकं घेऊन
उगाच टेबल पुसू लागले.
तो खुर्ची पुढे ओढून
नाक पडद्याला लागेल इतका वाकला.
'ही वेटोळी त्या बाईची,' म्हणाला.
'हे सांडलेलं तुझं.'

संध्याकाळी तळ्यावरून परतताना
बाद झालेल्यांपैकी एक खिशात होता, जड,
एका बाजूनं मांडीला टोचणारा.
स्वयंपाकघराच्या टेबलावर मी त्याला फिरवते.
तो मिठाच्या डबीकडे निघतो, बेत बदलतो,
खिडकीशी जातो, डुलतो, पुन्हा वळतो.
मांजर एका जागी पंजा उगारून बसतं,
मी दुसरीकडे हात धरते.

अजून एकदाही आम्हा दोघींपैकी
कुणाचं बरोबर आलेलं नाही.