तास तिसरा: नियमनमुक्ती

बी.ए. शेवटचं वर्ष, अमेरिकेचा आधुनिक इतिहास,
निपाणी. पटावर एकोणीस, वर्गात सात.
खिडकीतून वखारीतल्या तंबाखूची ठसक.
मी फळ्यावर लिहिते: नियमनमुक्ती.

शिवलीला विचारते, मुक्ती म्हणजे मॅडम,
मेल्यावर मिळते ती?
जवळपास, मी म्हणते, आणि सगळे हसतात.

अठ्ठ्याहत्तर साली विमानांची भाडी मोकळी झाली.
ऐंशीत मालट्रक.
कुठला माल, कुठल्या रस्त्यानं, काय दरानं
हे ठरवणारं वॉशिंग्टनचं दफ्तर
हळूहळू मुकं होत गेलं.
सही करणारा उजव्यांचा नव्हता, हे पेपरात लिहा,
तपासणारा खूश होतो.
उजवे आले नंतर,
चर्चमधून, दुकानांतून, घरपट्टीवर चिडलेल्या गल्ल्यांतून,
सरकार हेच दुखणं म्हणत.
आणि एक्क्याऐंशीच्या ऑगस्टात
आकाशाचे नाकेदार संपावर गेले तेव्हा
दोन दिवसांची मुदत,
मग अकरा हजारांवर माणसं घरी.

नाकेदार.
हा शब्द पुस्तकात नाही. माझ्या तोंडून गेला.

आप्पा एकतीस वर्षं कोगनोळीच्या नाक्यावर,
कर खात्यात कारकून.
फॉर्म कन्नडात, शिव्या मराठीत,
बोटांना कार्बनची निळाई, ती जेवतानाही जायची नाही.
ट्रकवाला कुठलाही असो, सेलमचा की लुधियानाचा,
खिडकीशी येऊन तेवढंच बोलायचा:
मुद्रे हाकरी, साहेब.
आणि आप्पा शिक्का हाणायचे.

पावतीखालून वीसची नोट यायची.
हे मी वर्गात सांगत नाही.
तिच्यातूनच माझ्या एम.ए.ची फी गेली,
आणि ज्या पुस्तकात मी वाचलं
की नियम कसे कुजतात आणि कुणाला पोसतात,
तेही तिच्यातलंच.

मग एका जूनच्या शेवटच्या रात्री
बारा वाजता नाका उठला.
पहिला ट्रक सवयीनं थांबला म्हणे,
हॉर्न वाजवला, वाट पाहिली,
खिडकीत कुणी नाही बघून गांगरला,
आणि गेला.
दुंडव्वाची चहाची गाडी दिवाळीपर्यंत टिकली.
फॉर्म भरून देणारा इरगोंडा
आता जत्रेत खेळणी मांडतो.
आणि हेही खरं की
चिक्कोडीचा टोमॅटो आता पुण्याला तासाभरानं लवकर पोचतो,
नासत नाही.
दोन्ही लिहा, मी मुलांना सांगते,
एकच लिहिलंत तर गुण निम्मे.

तौफिक मागच्या बाकावरून म्हणतो,
माझा भाऊ ट्रेलरवर आहे.
उद्यमबागेतून कास्टिंग भरतो, न्हावाशेवाला सोडतो,
पुढं ते बोटीतून तुमच्या त्या ओहायोला जातंय.
पूर्वी नाक्याच्या रांगेत दोन-तीन तास झोपायचा.
आता म्हणतो, झोपायला नाकाच राहिला नाही.

वर्गात कुणी काही बोललं नाही.
मीही नाही.
बेल झाली ते बरं झालं.

संध्याकाळी हायवेनं घरी येताना
सगळं मोकळं, सुसाट.
फक्त गावाच्या नावाची पाटी
अजून डांबर फासलेली. अर्धी.
कुठली अर्धी, ते विचारू नका,
दर वर्षी बदलते.

आप्पा ओसरीवर. आज काय शिकवलंस?
सांगितलं. विमानं, ट्रक, ती अकरा हजार माणसं.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं,
मग उठून कपाटातला शिक्का काढला,
सुकलेल्या रबरावर तोंडाची वाफ सोडली
आणि लाइटबिलाच्या पाठीवर दाबला.
एक गोल उमटला, फिकट,
आत अक्षर नाही.

त्या माणसांनी गं,
आपल्या वस्तूंचं काय केलं? ते कानाला लावायचे फोन वगैरे?

पुस्तकात नाही, आप्पा.

नसणारच, म्हणाले,
आणि लाइटबिल
भरायचंय म्हणून खिशात ठेवलं.