पाचवा रकाना

सोहारच्या गोदीत रात्री साडेअकराला
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी काळ्या पडद्यावर लिहिते:
कट, डॅश डी, कोलन,
डॅश एफ, एक.

म्हणजे प्रत्येक ओळ कोलनपाशी काप
आणि पहिला तुकडा तेवढा मला दे.
भेंडी चिरतात, त्याच्या उलट.
इथं देठ ठेवायचा, भेंडी टाकायची.

बलुशीसाहेब सकाळी म्हणाले,
जुना वेब सर्व्हर रविवारी बंद करू,
खात्यांची यादी द्या, कोण आहे, कोण नाही.
कोण नाही, हे सर्व्हरला ठाऊक नसतं.
त्याच्या लेखी सगळेच आहेत.

आधी आली ती माणसं नव्हेतच,
रूट, डीमन, मेल, गेम्स.
(गोदीच्या यंत्रावर गेम कोण खेळलं, देव जाणे.)
आणि नोबडी. कुणीच नाही, या नावाचं रीतसर खातं,
त्यालासुद्धा नंबर, पासष्ट हजार पाचशे चौतीस.
लियाकतचं लेबर कार्ड हरवलं तेव्हा
त्याला तीन आठवडे नंबर नव्हता.

ऑकला सांगितलं, हजाराच्या पुढचे तेवढे घे.
नोबडी तरी उरलाच.
त्याला हातानं काढला.

राहिले त्रेसष्ट.
मुकादम, वेल्डर, रंगारी,
जहाजाच्या पोटाचे फोटो रोज चढवणारे.
नावं आठ रोमन अक्षरांत दाबून बसवलेली:
बीखडका. जोमोन दोन,
म्हणजे एक जोमोन आधी होता, तो यादीत नाही.
शफिउल्ल, त्याच्यातला शेवटचा आह मावला नाही.

निम्म्यांपुढं नोलॉगिन लिहिलंय.
व्हिसा संपला, खाट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला,
पण इथं होम नावाच्या फोल्डरात
अजून प्रत्येकाचं घर आहे. दार नाही एवढंच.

यादी सॉर्ट केली, पाठवली, काम संपलं.
चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.
मग उगाच, खरंच उगाच,
एकच्या जागी पाच टाकला.

पाचव्या रकान्यात पूर्ण नाव असतं,
नाहीतर खोली नंबर, फोन, असलं काहीतरी.
माझ्याआधी इथं तोडणकर होता. हर्णैचा.
मी आले त्याच्या आदल्या आठवड्यात गेला,
खुर्चीची उंची तेवढी त्याची राहिली.
त्यानं रोमन लिपीत मराठी लिहून ठेवलं होतं,
कोलन कुठंही न वापरता,
नाहीतर ओळच मोडली असती:

भीम खडका, बाग्लुंग, तिखट चालत नाही
जोमोन, दुसरा, हा पोहतो
शफिउल्लाह, पूर्ण नाव हेच, नीट लिहा
पेरेरा, रागीट, पण फोटो वेळेवर

त्रेसष्टच्या त्रेसष्ट.
आणि मी सकाळपासून चिरून टाकत होते हे सगळं.

खाली माझीही ओळ होती.
लॉगिन नवीन एक. दोन वर्षं तेच वापरते,
बदलून घेते, घेते म्हणत राहिलं.
मी कोण येणार ते त्याला माहीत नव्हतं,
म्हणून लिहिलं होतं:
येणारं माणूस, बहुधा आपल्याकडचं,
चावी दुसऱ्या ड्रॉवरमध्ये

दुसरा ड्रॉवर अडकतो. मी तो कधी उघडलाच नाही.
गुडघा लावून ओढला.
स्टेपलरच्या पिना, एक वाळलेलं लिंबू,
करकच्या दुकानाचं बिल,
आणि खरंच चावी. छोटी, पितळी, दोऱ्यात ओवलेली.

कुलूप कुठलं, ते कुठल्याच रकान्यात नाही.

बाहेर भट्टीवर रात्रपाळीचा भोंगा झाला.
बलुशीसाहेबांना पाठवलेली यादी परत मागवली.
म्हटलं, थोडी अपुरी आहे, सकाळी देते.