दोन बोटं हवा

आइली कोस्केला नळाशी बोलत नाही.
मी बोलतो. मी शिकाऊ, चौथा महिना,
गंजून बसलेल्या आट्याला "ये रे बाबा" म्हणतो,
आणि ती पान्याने पाइपावर एकदाच टिचकी मारते:
गप्प. ऐक.

थंडर बे. जूनची अखेर.
सरोवर अजून इतकं गार
की तळघराच्या पायऱ्या उतरताना दात वाजतात.
आम्ही घरोघर जातो, वर्षातून एकदा,
तीन नळ्यांचं मीटर घेऊन,
आणि पाण्याला एकच प्रश्न विचारतो:
मागे फिरशील का?

"पाणी उताराकडे जातं," मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.
"ते नदीचं," ती म्हणाली.
"पाइपातलं पाणी नोकर आहे.
ज्याचा जोर जास्त, त्याचं ऐकतं."

मग तिने मला ओनुफ्री पालामारचं अंगण दाखवलं, कुंपणापलीकडूनच.
त्याच्या डेलियाला ताटाएवढी फुलं यायची.
एका दुपारी त्याने बादलीत खत टाकलं,
निळं, दौतीतल्या शाईसारखं,
नळी बादलीत सोडली, नळ चालू केला,
आणि आत गेला, चष्मा आणायला.
एवढंच. चष्मा आणायला.

तेवढ्यात धक्क्यावरच्या लाकडाच्या गोदामाला आग लागली.
बंबवाल्यांनी कोपऱ्यावरच्या खांबाचं तोंड उघडलं
आणि सगळ्या रस्त्याच्या पाइपांनी
एकदम श्वास आत ओढला.
नळीनेही ओढला.
भरायला ठेवलेली बादली
तळ दाखवत उभी राहिली.

शेजारी फिलोमेना सटन, बाळंतपणाचा तिसरा आठवडा.
बाटली धुवायला तिने नळ सोडला:
निळं.
तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कुणी मेलं नाही. रंग होता म्हणून.
"आणि रंग नसता तर?" मी विचारलं.
आइली बोटावरचं ग्रीस पुसत राहिली,
पुसून झालं तरी.

पालामारने त्या वर्षी कंद उकरून काढलेच नाहीत.
मातीतच गोठू दिले.

आता त्याच्या नळाला पितळेची टोपी आहे, अंगठ्याएवढी.
आत रबराची चकती:
पाणी पुढे जाताना वाकते,
मागे येऊ लागलं की हट्टाला पेटते.
ऑक्टोबरात ती काढून ठेवावी लागते, नाहीतर बर्फाने फुटते.
आइली आठवण करायला फोन करते.
तो म्हणतो, काढली.
ती तरी जाऊन बघते.

"पण सगळ्यात भरवशाचा वॉल्व्ह कुठला?"
परीक्षेत येईल म्हणून मी विचारलं.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तिने सिंक काठोकाठ भरलं.
वर नळाचं तोंड, खाली पाणी,
मध्ये तिने आपली दोन बोटं आडवी धरली.
"हा."
मला काहीच दिसेना.
"स्प्रिंग नाही, रबर नाही, झिजत नाही.
हवेला धरून कुणी वर चढत नाही.
फक्त नळी जोडू नकोस.
नळी जोडलीस की संपलं."

तिचा भाऊ मागच्याच रस्त्यावर राहतो.
थंडीत दर रविवारी ती त्याच्या दाराशी
फोडलेली लाकडं रचून येते, घंटी न वाजवता.
का, ते मला ठाऊक नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय,
पण माझ्या मीटरवर ते दिसत नाही.

रात्री घरी येतो.
आईने टबात हातशॉवर बुडवून ठेवलाय,
पाणी वाहतंय, ती बाहेर रेडिओपाशी.
मी तो उचलतो, झटकतो, उंच खुंटीला अडकवतो.
"काय झालं?"
काही नाही.
तो तिथे लटकत राहतो.
एक थेंब फुगतो, सुटतो,
मोकळ्या जागेतून एकटा खाली जातो.
"अरे, ठिबकतंय ते!" आई ओरडते.
ठिबकू दे, मी म्हणतो.