डाव्या हाताची करंगळी

नोव्हेंबर लागला की नंदुरबारात
पथाऱ्यांवर मिरची पसरते, एकरच्या एकर लाल,
आणि तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर कागद लागतो:
लाभार्थ्यांनी आपण हयात असल्याचा पुरावा द्यावा.

मी रिटायर कंडक्टर. बत्तीस वर्षं एसटीत,
त्यातली अकरा प्रकाशा-शहादा गाडीवर.
माणसं मोजायची सवय अजून सुटलेली नाही,
म्हणून वाचनालयातल्या देसले मास्तरांनी
अंगठ्याचं यंत्र माझ्याकडे दिलं.
काडेपेटीहून थोडं मोठं, पोटात दिवा.
ज्यांना कचेरीपर्यंत चालवत नाही त्यांच्या घरी जायचं,
बोट ठेवून घ्यायचं, हिरवा लागला की निघायचं.
पगार नाही. चहा मात्र इतका, की
डॉक्टरांनी बंद केलेली साखर
रोज चार घरांत पुन्हा चालू होते.

यादीत एक्केचाळीस नावं.
हुसेन मिस्त्रींनी आधी टोपी शोधून घातली,
फोटो निघणार असल्यासारखी, मग बोट ठेवलं.
पार्वताबाई पाडवींना ऐकू येत नाही, त्या ओरडूनच बोलतात,
अख्ख्या गल्लीला कळलं त्या जिवंत आहेत ते.
निंबा आप्पांच्या दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, परवा.
मी खिशात पेन शोधत राहिलो बराच वेळ.
गाडी सुटल्यावर कुणी धावत येताना दिसलं
तर मी दोरी ओढायचो, नेहमी.
इथे दोरी नव्हती.

मग ठगूबाई मराठे, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर.
आधीच्या दोन पोरी पाळण्यात गेल्या
म्हणून मरणाला ठकवायला हे नाव ठेवलेलं.
अंगठा ठेवला. लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
राखेने धुतला, मी वर खोबरेल चोळलं,
पुन्हा प्रयत्न करा, म्हणालं यंत्र,
वरच्या पट्टीतल्या बाईच्या आवाजात.
चाळीस हंगाम मिरचीचे देठ खुडलेला अंगठा,
त्यावर एक रेघ राहिली नव्हती,
पोरांच्या खेळण्यातली गोटी जशी.

"मंग मी जित्ती नही शे का रे भाऊ?"
विचारून ती हसली,
आणि मग हसायची थांबली,
कारण मी लगेच उत्तर दिलं नव्हतं.

मास्तरांना फोन लावला. म्हणाले, बाकीची बोटं बघा.
उजव्या हाताची सगळी झाली. डाव्याची चार.
एकेक बोट मी माझ्या चिमटीत धरून काचेवर टेकवत होतो,
ती दुसरीकडे बघत होती,
दवाखान्यात सुई टोचताना बघतात तशी.
राहिली करंगळी.

हिरवा.

ठगूबाईने करंगळी डोळ्यांजवळ नेली,
हजेरी लावून सावलीत झोपणाऱ्या मजुरणीकडे बघावं तशी
तिच्याकडे बघितलं.
"ही एकलीच कामचोर शे," म्हणाली,
आणि आत जाऊन
कळण्याची भाकरी घेऊन आली, कागदात गुंडाळून.
नाही म्हणायची सोय नव्हती.
श्रावणबाळ आहे योजनेचं नाव.
माझ्या खांद्यावर कावड नव्हती,
एक पिशवी होती, तिच्यात भाकरी.

रात्री जेवायला बसलो आणि नकळत
डोळ्याला हात लागला.
साबणाने दोनदा धुतले होते, तरी.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, मिरची.
ती म्हणाली, भाजीत तर आज टाकलीच नाही.

पाणी मारत राहिलो, आग काही थांबेना.
मग एकाच डोळ्याने यादी काढली,
ठगूबाईपुढे खूण केली,
निंबा आप्पांपुढची जागा तशीच ठेवली.
उद्या टेकडीकडची सात घरं आहेत.
तिकडे चढ आहे, लवकर निघायला हवं.