हिलो नक्को

किनवटच्या लाकूड-डेपोत जुनं कपाट सरकवताना
मागून काचांची एक पेटी निघाली.
बारा काचा. सात फुटलेल्या.
उरलेल्यांतली एक खिडकीशी धरली,
तर काळं ते पांढरं, पांढरं ते काळं,
आणि आडवा पडलेला साग
हाडासारखा उजळ.

मोबाईलवर उलटा करून घेतला. मग दिसलं नीट:
बुंध्याचा घेर एवढा, की पुढं उभे राहिलेले पाच जण
दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यांसारखे.
मध्ये काळ्या शेरवानीतले साहेब.
कडेच्याच्या खांद्यावर कुऱ्हाड,
धार फोटोत यावी म्हणून पातं पुढं केलेलं.

पेटीतला कागद वॉचमन गौसभाईंनी वाचून दिला.
सागवान. घेर सतरा फूट. १३३८ फसली.
नावं?
"नावं नाहीत, ताई. झाडाचंच लिहिलंय."

आणि उजवीकडं, खड्ड्यावर चढवलेल्या ओंडक्यावर
पाय फाकून उभा राजन्ना करवत्या.
राजन्नाच हा. डाव्या कानाची पाळी
अस्वलानं नेलेली, आमच्या घरात अजून सांगतात.

माझा पणजोबा म्हातारपणी मांडवीच्या बाजारात
कुणालाही थांबवून म्हणायचा,
सरकारनं माझा फोटो काढलाय.
लोक हसायचे.
भुसा जाऊन जाऊन डोळे असे झालेले
की स्वतःचा हात दिसेना, आणि म्हणे फोटो.

वरचा रेघ धरतो, खालचा ओढतो.
वरच्याला आभाळ दिसतं, साहेब दिसतो.
खालच्याला करवतीचे दात, आणि भुसा.
तक्रार नसायची त्यात.
अर्धा आणा कमी मिळायचा, एवढं मात्र
दर वेळी सांगायचा.

काळं फडकं डोक्यावर घेऊन
फोटोवाला ओरडला असेल, हिलो नक्को!
साहेब हलले नाहीत. कुऱ्हाडी हलल्या नाहीत.
झाड आता कशाला हलतंय.
राजन्नानं श्वास धरला. चेहरा इतका साफ
की मिशीचे केस मोजावेत.
पण त्याच्या हातातली करवत
धूर झालीय,
आणि मनगटं, दोन्ही, पुसलेली.

खड्ड्यात कुणी सांगितलंच नव्हतं.
कानात भुसा, डोक्याला ओलं फडकं,
तो आपला ओढत राहिला.

दोन बोटांनी मोठं करत खाली जाते.
काठाखाली काळोख, मग नुसते ठिपके.
परत वर येते, त्या धुरकट पट्ट्याशी थांबते.
रुंदी नखाएवढी.
बोट ठेवलं की झाकली जाते, म्हणून उचलते.

रजिस्टरात प्रत्येक काचेपुढं 'दोष' म्हणून रकाना आहे.
साहेब म्हणाले, लिहा, फोटो हललाय.
मी लिहिलं,
जंगू किनाके, खालचा.